कुलगुरू घडतात कुठे?

उत्तर भारतातील विद्यापीठांमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत एक शब्द बदलला. विद्यापीठाच्या प्रमुखास तेथे 'कुलपति' म्हणत. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये त्या जागी 'कुलगुरु' हा शब्द स्वीकारला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानेही २०२५ मध्ये तोच मार्ग अवलंबिला. त्या विद्यापीठाच्या कुलगुरू शांतिश्री पंडित २०२२ मध्ये तेथे गेल्या त्या पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या प्राध्यापकपदावरून, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. मराठीत 'कुलगुरू' हा शब्द कित्येक दशके रुळलेला आहे. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल आणि कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा प्रत्यक्ष चालक, ही विभागणी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'पती' या शब्दातील स्वामित्वाचा भाव जाऊन 'गुरू' हा अधिकार आला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या महाराष्ट्राने हा शब्द सर्वांच्या आधी स्वीकारला, त्या महाराष्ट्रात त्या पदावर बसणारी माणसे आज घडतात तरी कुठे, हा प्रश्न या निमित्ताने विचारणे अगत्याचे आहे.

सेनापती सैन्यात घडतो. न्यायमूर्ती वकिलीत आणि कनिष्ठ न्यायासनावर घडतो. जिल्हाधिकारी होणारा तरुण मसुरीच्या अकादमीत शिकतो आणि मग प्रांताधिकारी म्हणून धूळ खातो. शेकडो महाविद्यालये, लाखो विद्यार्थी, कोट्यवधींचे अंदाजपत्रक, डझनावारी न्यायालयीन दावे आणि वर्षातून दोनदा होणारा परीक्षांचा महायज्ञ ज्याच्या शिरावर येतो, त्या कुलगुरूची मात्र अशी कोणतीही तालीम नाही. बहुतेक वेळा काल एका विभागात वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना शिकविणारा प्राध्यापक आज सकाळी त्या खुर्चीत बसतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या दारात पाच संघटनांची पाच निवेदने उभी असतात.

पूर्वी असे नव्हते, आणि पूर्वी कुलगुरू होण्याची वाट एकच एक नव्हती. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. ते वर्ष १८९२. त्यांच्या पाठोपाठ आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, संस्कृत विद्येचे महामेरू. १९४७ मध्ये त्याच आसनावर भारतरत्न पां. वा. काणे बसले, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांचा व्यवसाय वकिलीचा आणि साधना धर्मशास्त्राची. पुणे विद्यापीठाची उभारणी करणारे बॅ. मुकुंदराव जयकर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर काम करून आलेले. पुढे त्याच विद्यापीठाने इतिहासाचार्य दत्तो वामन पोतदार पाहिले, केंद्रीय मंत्रिपद आणि पंजाबचे राज्यपालपद भूषविलेले काकासाहेब गाडगीळ पाहिले आणि गोखले अर्थशास्त्र संस्था शून्यातून उभी करणारे धनंजयराव गाडगीळही पाहिले. कोलकात्यात श्यामाप्रसाद मुखर्जी १९३४ मध्ये कुलगुरू झाले ते वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. आजच्या नियमांची पट्टी लावली तर यांतील बहुतेकांचा अर्ज छाननीच्या टेबलावरच बाद झाला असता.

त्या काळी विद्यापीठे लहान होती, पद पुष्कळदा मानद होते, हे खरे. म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाऊन आजचा प्रश्न सुटत नाही. तथापि या यादीतील एक समान सूत्र नजरेआड करून चालणार नाही. यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने विद्यापीठात येण्यापूर्वी दुसरीकडे कुठे तरी संस्था चालविली होती, माणसे हाताळली होती, मतभेद पचविले होते. मुंबई महापालिकेच्या शिक्षणाधिकारी म्हणून प्राथमिक शाळांचा प्रचंड पसारा सांभाळणाऱ्या डॉ. माधुरीबेन शहा पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि १९८१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी पोहोचल्या. डॉ. राम ताकवले १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते; तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे केले आणि त्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची धुरा वाहिली. डॉ. स्नेहलता देशमुख बालशल्यचिकित्सक. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता म्हणून त्यांनी रोज जीवनमरणाचे निर्णय घेतले होते. १९९५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठात आल्या आणि पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव आणण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. अरुण निगवेकर राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे पहिले संचालक होते. देशभरातील महाविद्यालयांचे गुणदोष पारखण्याची यंत्रणा घडवून मग ते १९९८ मध्ये पुण्याचे कुलगुरू झाले आणि पुढे आयोगाचे अध्यक्ष. प्रत्येकाची वाट निराळी होती. चढण मात्र प्रत्येकाने चढली होती.

आज वाट एकच उरली आहे आणि तीही मधोमध खचलेली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या विनियमांनुसार कुलगुरुपदासाठी विद्यापीठातील प्राध्यापकपदाचा दहा वर्षांचा अनुभव, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतील तितकाच अनुभव आवश्यक आहे. वरकरणी ही अट रास्त वाटते. पण तिची सांगड महाराष्ट्रातील वस्तुस्थितीशी घालून पाहिली की तिचा अर्थ कळतो. सहायक प्राध्यापकाला, तो पीएच. डी. असला तरी, पदोन्नतीच्या वेतनश्रेणी योजनेतून प्राध्यापक होईपर्यंत किमान पंधरा वर्षे लागतात. त्यावर प्राध्यापकपदाची दहा. म्हणजे कायम नेमणुकीपासून पात्रतेपर्यंत पंचवीस वर्षे. राज्यातील अध्यापकांच्या निवृत्तीचे वय साठ. साठातून पंचवीस वजा केले तर उरतात पस्तीस. ज्या तरुणाची कायम नेमणूक पस्तिशीच्या आत झाली नाही, त्याच्यासाठी या वाटेने कुलगुरुपदाचे दार त्याच दिवशी बंद झाले. त्याची बुद्धी, त्याचे संशोधन, त्याचे कर्तृत्व यांतील कशाचाही विचार न होता बंद झाले.

आणि पस्तिशीच्या आत कायम नेमणूक होते कोणाची? नेट उत्तीर्ण झालेले, पीएच. डी. मिळविलेले हजारो तरुण आज महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन बंद. विद्यापीठांतील आणि अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. भरतीला कधी वित्त विभाग अडवितो, कधी आरक्षणाच्या बिंदुनामावलीचा वाद, कधी आचारसंहिता. थेट भरतीने प्राध्यापक होता आले तर ही वाट पाच वर्षांनी आखूड होते खरी, परंतु थेट भरती तरी नियमित कुठे होते? शिडीची पहिली पायरीच काढून घ्यायची आणि शेवटच्या पायरीवर योग्य माणसे दिसत नाहीत म्हणून हळहळायचे, असा हा प्रकार आहे. मध्यमवर्गीय घरातील हुशार मुलगा वा मुलगी आज अध्यापनाकडे वळत नाही, याबद्दल त्या घरांना दोष देण्याचा अधिकार शासनाला नाही. चाळिशीपर्यंत तासाच्या हिशेबाने जगा, असे कोणते आईवडील आपल्या अपत्याला सांगतील?

जे पहिली पायरी चढतात त्यांची पुढची वाटचालही कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. २०१० नंतर पदोन्नतीसाठी गुणांकाची पद्धत आली. शोधनिबंध, चर्चासत्रे, पुस्तके, प्रत्येकाला गुण. उद्देश चांगला होता. फलित असे की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आणि आयोगाला मान्यताप्राप्त नियतकालिकांची सूची काढावी लागली. तीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. या सगळ्या धावपळीत एका गोष्टीला मात्र कधीच फारसे मोल मिळाले नाही: वसतिगृहातील वाद सोडविणे, विभागाची प्रयोगशाळा उभी करणे, परीक्षा वेळेवर पार पाडणे. संस्था चालविण्याचे शिक्षण मिळते ते याच कामांतून, आणि हुशार प्राध्यापक याच कामांपासून दूर पळतो, कारण त्यात गुण नाहीत आणि डोकेदुखी मात्र भरपूर आहे.

याची किंमत कोण मोजतो, हे २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबईतील घराघराने पाहिले. मुंबई विद्यापीठाने सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी करण्याचा निर्णय परीक्षांच्या तोंडावर घेतला. कल्पना आधुनिक होती, तयारी नव्हती. निकाल महिनोन्महिने लांबले. परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती गुणपत्रिका नव्हती, नोकरीची पत्रे आलेल्यांना मुदतवाढ मागत फिरावे लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदमुक्त केले. ते पर्यावरणाचे अभ्यासक आणि विद्यापीठाच्याच जीवशास्त्र विभागाचे प्राध्यापक. एका व्यक्तीला दूर करून प्रकरण मिटल्याचे सर्वांनी मानले. पण परीक्षा विभाग कसा चालतो, निविदा कशी काढतात, एखादी यंत्रणा आधी एका विद्याशाखेपुरती चाचणी म्हणून कशी राबवितात, हे शिकण्याची संधी त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर व्यवस्थेने ठेवली होती काय? हा प्रश्न त्या वेळी कोणीही विचारला नाही.

त्यानंतर २०१८ मध्ये मुंबईच्या कुलगुरुपदी रुईया महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. सुहास पेडणेकर आले. प्राचार्य हा विद्यापीठीय व्यवस्थेतील खरा व्यवस्थापक असतो. पगारपत्रकापासून गणेशोत्सवाच्या वर्गणीपर्यंत सारे त्याच्या टेबलावरून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन दशके महाविद्यालय नावारूपाला आणणारे प्राचार्य महाराष्ट्रात कमी नाहीत. परंतु शोध समितीच्या यादीत विद्यापीठीय विभागांतील प्राध्यापक आणि केंद्रीय प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने ही माणसे येत नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने या दिशेने एक चांगले पाऊल टाकले होते, हे नमूद केले पाहिजे. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता निवडणुकीने येत. गटातटांची बेरीज जमली की अधिष्ठाता झाले, अशी त्या पदाची अवस्था होती. नव्या कायद्याने चार विद्याशाखांना चार पूर्णवेळ, नियुक्त अधिष्ठाते दिले. प्र-कुलगुरू आहेतच. उद्याचा कुलगुरू येथे तयार व्हावा, अशी ही रचना होती. पण प्र-कुलगुरूचा कार्यकाळ कुलगुरूशी जखडलेला. कुलगुरू गेले की तेही गेले. परिणामी प्रत्येक नवा कुलगुरू कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. पहिले वर्ष माणसे ओळखण्यात जाते, पाचवे निरोपसमारंभांत. मधल्या तीन वर्षांत जे काय होईल ते. मुंबईचे विद्यमान कुलगुरू डॉ. रवींद्र कुलकर्णी यांनी त्याच विद्यापीठात आधी प्र-कुलगुरू म्हणून काम केले होते. अशी उदाहरणे नियम न ठरता अपवाद ठरतात, हीच खंत आहे.

याच मुंबईत पवईला निराळे चित्र दिसते. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे २०१९ मध्ये संचालक झालेले प्रा. सुभाशीष चौधुरी हे तेथेच विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि उपसंचालक होते. अमेरिकेतही हाच शिरस्ता. मुंबईत जन्मलेले, खरगपूरला शिकलेले प्रदीप खोसला कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग २००४ पासून अभियांत्रिकीचे अधिष्ठाता झाले आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेचे प्रमुख. तेथे प्रत्येक पायरीवर माणूस पारखला जातो आणि एखाद्या पायरीवर तो कमी पडला तर नुकसान एका विभागापुरते मर्यादित राहते. येथे पहिली परीक्षा थेट शिखरावर!

आता निवडीच्या प्रक्रियेकडे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मार्चमध्ये वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, कारण ती आयोगाच्या विनियमांत बसत नव्हती. ऑक्टोबरमध्ये कोलकाता विद्यापीठाची पाळी आली. तेथे राज्य सरकारने कुलपतींना बाजूला सारून परस्पर फेरनेमणूक केली होती. त्याच महिन्यात केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची नेमणूक गेली, कारण समितीने नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव पुढे केले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक रद्द झाली. कुलपतींनी स्वतंत्र बुद्धीने निर्णय न घेता सरकारचे म्हणणे मान्य केले, असा ठपका न्यायालयाने ठेवला. ही तीन राज्ये, आणि तेथे सत्तेवर असलेले पक्ष परस्परांचे कट्टर विरोधक. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन आघाडी सरकारने कुलपतींपुढे सरकारनेच दोन नावे ठेवावीत आणि मंत्र्याला प्र-कुलपती करावे, असे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले होते. त्याचा कायदा झाला नाही, हे विद्यापीठांचे सुदैव. पण त्या ओढाताणीच्या काळात पुणे विद्यापीठाचा कार्यभार लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे आणि मुंबईचा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे होता. राज्यातील दोन सर्वांत मोठ्या विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये. पुण्याने त्यासाठी एक वर्षाहून अधिक, मुंबईने जवळपास नऊ महिने वाट पाहिली.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. डाव्या वर्तुळांनी दशकानुदशके विद्यापीठांतील पदे आपल्या गोतावळ्यात वाटली, संशोधनापेक्षा निष्ठेला महत्त्व दिले, ही तक्रार राष्ट्रवादी विचारांच्या अध्यापकांनी सातत्याने केली आणि ती बऱ्याच अंशी साधार होती. परंतु त्याचे उत्तर 'आता आपला माणूस' हे असू शकत नाही. शिफारशीची चिठ्ठी कोणत्या कार्यालयातून आली यावरून तिचे स्वरूप बदलत नाही. शिफारशीने आलेला कुलगुरू शिफारस करणाऱ्याचा पाच वर्षे ऋणी राहतो. कंत्राटापासून शिपायाच्या नेमणुकीपर्यंत त्याची परतफेड चालू राहते आणि त्यात विचारही बदनाम होतो. मालवीयजींनी काशी हिंदू विद्यापीठाची धुरा १९३९ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हाती सोपविली, ती आंध्र विद्यापीठ समर्थपणे चालविलेल्या एका तत्त्वज्ञाकडे. विद्वत्ता आणि संस्थासंचालन या दोन्हींची परीक्षा आधीच झालेली होती. ज्यांना त्या परंपरेचा अभिमान आहे, त्यांनी निकषही तोच ठेवला पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने विनियमांचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात उद्योग, लोकप्रशासन आणि सार्वजनिक क्षेत्रातील ज्येष्ठांनाही कुलगुरुपदाची दारे उघडण्याचा प्रस्ताव होता. त्यावर विद्यापीठांचे खासगीकरण होणार, अशी ओरड झाली. तेलंग, जयकर आणि स्नेहलताबाईंचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला या कल्पनेत अघटित काही वाटणार नाही. धास्ती आहे ती निराळीच. दार उघडले की सर्वांत आधी आत शिरणारा बहुधा उत्तम अभियंता किंवा उद्योजक नसतो. तो असतो निवृत्तीनंतर सरकारी बंगला शोधणारा सनदी अधिकारी. उद्योगातील कर्तबगार माणूस पाच वर्षांसाठी या पगारावर, या मोर्चांपुढे यायला राजी कशाला होईल? आणि आतली शिडी मोडलेली ठेवून बाहेरून माणसे आणण्याची सवय लागली, तर विभागात प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अध्यापकाने कशाची उमेद धरावी?

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शोध समितीने ज्या पाच जणांची नावे पाठविली, ती का पाठविली, याची कारणे लेखी नोंदवून निवडीनंतर प्रसिद्ध करता येतील. मुलाखतीपूर्वी उमेदवाराने चालविलेल्या विभागाला, महाविद्यालयाला समितीतील एखाद्या सदस्याने प्रत्यक्ष भेट द्यावी. मुलगी देताना आपण घर पाहतो, येथे तर लाखो मुलेमुली सोपवायची आहेत. प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाते यांचा कार्यकाळ कुलगुरूपासून सोडवावा. चाळिशीतील पंधरा-वीस होतकरू अध्यापक प्रत्येक विद्यापीठाने निवडून त्यांना परीक्षा, वित्त आणि वसतिगृह यांची कामे आळीपाळीने द्यावीत आणि त्या कामाला पदोन्नतीत शोधनिबंधाइतकेच वजन द्यावे. आणि या सर्वांच्या आधी रिक्त पदे भरावीत. वित्त विभागाला त्यासाठी हात आखडता घेण्याचे कारण सांगता येईल, पण त्या कारणाची किंमतही त्याच कागदावर लिहून दाखवावी लागेल.

मुंबई आणि पुणे येथील विद्यमान कुलगुरूंचा पाच वर्षांचा कार्यकाळ पूर्ण झाला, तर पुढची निवड जून २०२८ मध्ये येईल. त्या वेळी अर्ज करण्यास पात्र ठरेल अशी व्यक्ती आजच कुठल्या तरी विभागात, कुठल्या तरी महाविद्यालयात काम करीत आहे. २०४८ च्या निवडीत जी पात्र ठरायला हवी, ती मात्र या घटकेला नांदेड, चंद्रपूर किंवा सावंतवाडीला तासिका तत्त्वावर तास घेत आहे, तिचे वय चौतीस आहे आणि तिच्या महाविद्यालयातील पदाची जाहिरात अजून निघालेली नाही.